पंख्यातली हळद

रविवार, संध्याकाळ

आज कॉम्प्युटर पाचव्यांदा बंद पडला. दहा मिनिटं चालतो, तापतो आणि मधेच जातो. उद्या गल्लीतल्या तीन मुली कॉलेजच्या प्रवेशाचे फॉर्म भरायला येणार आहेत, परवा शेवटचा दिवस. "वसमतला कशाला जाता, मी भरून देते," असं मीच तोऱ्यात सांगितलं होतं. घरातली पहिली पदवीधर ना मी!

आधी तासभर तरी चालायचा, तेव्हा विंडोज दोनदा नव्याने टाकली. व्हायरस शोधला. शेवटी चिडून डबा उघडला, तर आतला पंखा पिवळाधमक. हळद! वरच्या जाळीतून पडलेली, धुळीत थापून बसलेली. इतके दिवस मी काय शोधत होते?

मायला विचारलं, "हे तू केलंस?"

"व्हय. दसऱ्यापासून लावते, विळ्या-खुरप्याला लावतो तशी."

"अगं, पण इतकी?"

"तुझी मशीन बंद पडून राहिली तवापासून रोज लावते. काहून, लागू पडली न्हाई का?"

हसू येईना, ओरडताही येईना. मशीन बरी व्हावी म्हणूनच लावत होती ती. आणि मी तिला कधी सांगितलंच नाही की त्या जाळीतून हवा जाते. आणि निघाले गल्लीतल्या मुलींना मदत करायला!

जुन्या टूथब्रशने पंखा घासला. बोटं अजून पिवळी आहेत. आता अर्धा तास चालतो, मग पुन्हा बंद. एका फॉर्मला वीस मिनिटं. म्हणजे उद्या एक भरायचा, थांबायचं, मग दुसरा.

माय आत्ताच विचारून गेली, "मंग हळद कुठं लावू?"

टेबलाच्या पायाला लाव म्हणाले.