बाबांच्या कंबरेचं माप

२ जून

आज मशीन पहिल्यांदा मी एकटीनं चालवलं! इलास्टेजची तपासणी. स्वादुपिंडाचा पाचक रस पुरेसा आहे की नाही, ते विष्ठेतल्या या एका घटकावरून कळतं. आकडा दोनशेच्या वर असला की ठीक. काका हसून हसून लालबुंद — "घरातली पहिली पदवीधर, आणि हे काम?" हसू देत. मला हे काम मोठंच वाटतं.

४ जून

बाबांनी स्वतःच्या पँटची कंबर पुन्हा आत घेतली. वर्षात तिसऱ्यांदा. शिंप्याला वजनकाटा लागत नाही! जेवतात नीट, तरी वाळत चाललेत. पोट सदा बिघडलेलं. शेवटी डॉक्टरांकडे ओढून नेलं. त्यांनी नेमकी माझ्याच मशीनवरची तपासणी लिहून दिली. बाबा चिठ्ठीकडे बघतच राहिले.

५ जून

बाबांकडून नमुन्याची डबी मिळाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर दोरा, दोऱ्याला सुबक गाठ.

७ जून

५१०! मी लॅबमध्ये चक्क उडी मारली. लॅबच्या मुख्य मॅडमनी मात्र आकडा पुन्हा पाहिला. बाबांची लक्षणं विचारली, मग म्हणाल्या, "मशीन बरोबर आहे. डबी कुणी भरली ते विचार."

नाही विचारलं. स्वतःच्या बाबांवर संशय घ्यायचा?

८ जून

काका जेवायला आले होते. तिसऱ्यांदा भात घेताना — "काय गं, पास झालो का मी?"

आईचा हात हवेतच थांबला. बाबा समोरचाच पेला शोधू लागले.

"माझं काही दाखवण्यासारखं नव्हतं गं," बाबा पुटपुटले. "दुकानाच्या काचेत आपण चांगलंच काम टांगतो ना? आणि ही तर तुझ्या नोकरीची जागा..."

आधी मी भयंकर चिडले. मग इतकी हसले की ठसकाच लागला! "बाबा, दुरुस्तीला लोक तुमच्याकडे धड कपडे आणतात का?"

बाबांनी पेला उचलून पुन्हा ठेवला. मग — "फाटकेच आणतात."

१२ जून

खरी डबी. ६४. मॅडमनी स्वतः पुन्हा लावलं — ६१.

१६ जून

सोनोग्राफीत गाठबिठ काही नाही! रस कमी पडतोय, तो कॅप्सूलमधून द्यायचा — पहिल्या घासाबरोबर, रोज, कायमचा. "एवढंच?" बाबा डॉक्टरांनाच विचारत होते. काकांची वेगळीच मागणी — "माझा ५१० चा रिपोर्ट फ्रेम करून दे!"

३० जुलै

बाबांनी आज पँटच्या कंबरेची शिवण उसवली. अर्धा इंच.