बावीसची पिन, अठ्ठावीसचे भोक

मी, ट्रॅक्टरला अवजारे जोडण्याच्या सामानाच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, डोके नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या मुलाने उगाच शंका काढू नये.

१. राहते घर दोन्ही मुलांना समान. वरच्या खोलीवरून भांडू नये. जिना चढायचा दोघांनाही कंटाळा आहे, हे मला ठाऊक आहे.

२. दुकान, आतल्या मालासह, धाकट्या सुनेस. थोरल्याला राग येईल, येऊ दे. गेल्या हंगामात त्याने एका गिऱ्हाइकाला अठ्ठावीस मिलिमीटरच्या भोकासाठी बावीसची पिन दिली आणि वर म्हणाला, "चालून जाईल." मी धापा टाकत त्या माणसाला कोपऱ्यावर गाठले आणि पिन परत घेतली. सून आधी विचारते, ट्रॅक्टर कोणता, अवजार कोणते, जुनी पिन आणली आहे का. नसेल तर भोक मोजायला हातात कॅलिपर देऊन माणसाला परत पाठवते. भोक मोजल्याशिवाय पिन द्यायची नाही, हा दुकानाचा नियम. लोक मला हेकट म्हणतात. आहेच मी. सुनेने हा नियम मोडला तर दुकानाला कुलूप लावावे.

३. शेजारच्या वेल्डरला माझी शिडी. अकरा वर्षे ती त्याच्याकडेच आहे. आता निदान हक्काची होईल.

४. हे मुख्य कलम. वकील म्हणाले, असला मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. बसवा, म्हटले.

सव्वीस वर्षांपूर्वी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर ट्रॅक्टरने उचलताना एका बाजूने निसटला आणि माझ्या धाकट्या दिरांच्या पायावर पडला. पाय कायमचा अधू झाला. घाईत भावाने हाताला लागली ती पिन घातली, असे माझे यजमान शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्याच रागात त्यांनी भावाला दुकानातून काढले आणि गावभर 'हलगर्जी' हे नाव भाऊजींना चिकटले.

खरे असे की, ती पिन मी दिली होती. काउंटरवर गर्दी होती. भाऊजींनी विचारले होते, "वहिनी, मापाची आहे ना?" मी न मोजताच म्हटले, "चालून जाईल." ट्रॅक्टरच्या दांड्याचे भोक मोठे, पिन बारीक आणि फट भरायला मध्ये बुश नाही. हादऱ्यांनी पिन अडकवणारी क्लिप झिजून उडाली आणि पिन निसटली. घर फुटेल म्हणून भाऊजींनी तोंड उघडले नाही. मी भित्री म्हणून उघडले नाही. मला त्याची लाज वाटते. दुकानाचा नियम त्या दिवसानंतरचा आहे.

म्हणून कलम दोनमध्ये दुकान निम्मे समजावे. उरलेले निम्मे भाऊजींचे. सुनेला विचारले, ती म्हणाली, आधीच द्यायला हवे होते.

५. हे सारे मी गेल्यावर वाचले जावे, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. माझ्या माघारी वाचणे म्हणजे पुन्हा 'चालून जाईल'च झाले असते. आज सकाळी दुकान उघडण्याआधी सगळ्यांना बोलावून मी स्वतः मोठ्याने वाचले. थोरला खाली मान घालून उभा होता. भाऊजी काठीवर रेलून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, "वहिनी, या वेळी मोजून देताय ना?"

"मोजून," मी म्हटले.

ते काउंटरच्या आत आले आणि आपल्या जुन्या स्टुलावर बसले.

साक्षीदार: (१) लेथवाला, सही. (२) दाखला देणारे डॉक्टर, सही.
लिहून ठेवणारी: दुकानाची मालकीण, सही.
स्थळ: दुकान, काउंटरची आतली बाजू.
दिनांक: ९ मार्च, सकाळी पावणेनऊ.