कापसाच्या वखारीतली हाक

५ ऑक्टोबर

आलो एकदाचे! हूफडॉर्पचं खुराडं सुटलं. रॉटरडॅममध्ये, मास नदीला अगदी लागून, कापसाच्या जुन्या वखारीत आमचा फ्लॅट. जाड विटांच्या भिंती, लोखंडी तुळया, खिडकीखालून संथ जाणारे बार्ज. अंबरीशला बंदरातलं ऑफिस सायकलवर. वल्लरी तर रिकाम्या हॉलभर नुसती धावत होती. सहा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्येच. आज त्याचंही वाईट वाटलं नाही. संध्याकाळी शिरा केला.

१४ ऑक्टोबर

शेजारच्या कोरी आजी ॲपल पाय घेऊन आल्या. म्हणाल्या, इथे तुमच्याच देशातला कापूस उतरायचा, मुंबईहून बोटीनं. दुसऱ्या महायुद्धात भाव असा चढला की मालकानं गाठी विकल्याच नाहीत, अडवून ठेवल्या. मला गंमत वाटली. वऱ्हाडातला कापूस आणि आम्ही, एकाच छपराखाली.

२३ ऑक्टोबर

वल्लरी मराठी बोलली! शाळेतून आली, मागच्या भिंतीशी खेळत बसली आणि एकदम म्हणाली, "आये, माका तान लागली." मला हसूही आलं आणि रडूही. लगेच पुण्याला आईला फोन केला. आई म्हणाली, संपदा, ही मालवणी कुठून शिकली? खरंच की. आमच्यात कोकणातलं कुणीच नाही. अंबरीश नाशिकचा.

३० ऑक्टोबर

सारखं पाणी मागते, पिते, पुन्हा मागते. कोण शिकवतं हे बोलायला, विचारलं. तिनं भिंतीकडे बोट केलं. हात लावून पाहिला. तिथे हीटिंगचा पाइप नाही, तरी विटा कोमट. आणि समईची वात विझल्यावर येतो तसा वास.

४ नोव्हेंबर

अंगात ताप. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेलं. डॉक्टरीणबाईंनी डचमध्ये नाव विचारलं. वल्लरीला कळलंच नाही. माझी डचमध्ये भांडणारी पोर! पॅरासिटामॉल द्या, म्हणाल्या.

घरी आल्यावर "आये" म्हणून हाक मारत होती. मी "काय गं" म्हणून जवळ गेले तर बुजून मागे सरकली. मला नव्हतीच मारत ती हाक.

७ नोव्हेंबर

कोरी आजींना विचारलं. सांगायला तयार नव्हत्या. मग वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. बॉम्ब पडले तेव्हा बोटीवरचे हिंदी खलाशी आसऱ्याला आत शिरले. कापूस भडकला नाही, आतल्या आत धुमसत राहिला. ते दार ठोकत होते. दार उघडलं तर वारा लागून माल जाईल, म्हणून मालकानं उघडू दिलं नाही. एक जण शेवटपर्यंत एकच शब्द ओरडत होता. बाहेर कुणालाच कळला नाही.

कोणता शब्द, ते मी विचारलं नाही.

९ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. खोकली तर तोंडातून कापूस. काळा पडलेला. अंबरीश म्हणाला, आत्ताच निघू, एनस्खेडेला त्याच्या मोठ्या भावाकडे, चंद्रहासदादाकडे. तिला उचलून दारापर्यंत गेलो — श्वासच थांबला तिचा. भिंतीशी आणलं तेव्हा सुरू झाला.

अंबरीश रडतो आहे. त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

"आये, दार उघड गे."

वल्लरीच्या तोंडून. भिंतीतूनही.

इतकी वर्षं हाक मारतोय. कुणालाही न कळणाऱ्या भाषेत. मला कळते. कुणाचा तरी मुलगा —

मी भिंतीला गाल लावला आणि ओ दिली. "ओ, बाळा. आले हां."

वल्लरीनं मोठा श्वास घेतला. डोळे उघडले. मम्मा, का रडतेस, विचारलं. डचमध्ये. डच ऐकून इतकं बरं —

अंबरीशला म्हटलं, तू हिला घेऊन हो पुढे, मी सामान आवरून मागून येते. तो ऐकेना. मी ओरडले त्याच्यावर. गेले दोघं. वल्लरीनं खालून हात हलवला.

मी दाराकडे गेले. श्वास —

भिंतीशी परत आले.

११ नोव्हेंबर

तहान. कितीही प्यायलं तरी.

आता एकटा नाही तो. सगळेच. सगळे आये म्हणतात.

फोन वाजतोय. वल्लरीच असणार. उचलला तर मम्मा म्हणेल, आणि मी तिला ओ दिली तर हे सगळे पुन्हा तिच्याकडे —

वाजू दे. राणी, माफ कर गं —

विटा सरकताहेत. बोटं. किती कोवळी —

रडू नको रे. हात दे. आले, मी आ —