रंगरावाची पत्रं

लेस्टर, ५ मार्च २००५

तीर्थस्वरूप दीनाकाकांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र आणि मेतकूट दोन्ही पोचलं. मेतकुटाची पुडी कस्टमवाल्यांनी फोडून पाहिली होती, तेव्हा त्यांनाही आता थोडा सातारा कळला असेल.

युद्ध संपल्याला मे महिन्यात साठ वर्षं होतील, म्हणून कॉलेजात माझ्या गळ्यात प्रदर्शन पडलंय. वर्गात तुम्ही सांगायचात तसेच तीन फलक केलेत: युरोपचा इतिहास तोफांनी घडवला, तहांनी घडवला आणि लिहिणाऱ्यांनी घडवला. पहिले दोन भरले. तिसऱ्यावर मोठ्या लेखकांऐवजी साध्या शिपायांची पत्रं लावावीत असं मनात आलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हे बोलले, तर स्लाऊ गावचा समर म्हणाला की त्याच्या आजीकडे आजोबांची इटलीहून आलेली पत्रं आहेत.

शनिवारी जाऊन आले. यमुनाआजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मुला-नातवाजवळ राहतात. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा, रंगराव, १० एप्रिल १९४५ला नदी ओलांडताना कामी आला अशी सरकारी तार आली होती. पण नंतरच्या तारखांची त्याची दोन पत्रं आली. म्हणून तार चुकीची आणि माणूस कुठेतरी आहे, असं त्या शांतपणे सांगतात.

काका, ती पत्रं उघडली, तर अक्षर तुमचं. पाटीवर हात धरून तुम्ही मला जे अक्षर शिकवलंत, ते मी कुठेही ओळखेन. तुम्ही त्याच पलटणीत कारकून होतात. रंगरावांना लिहिता येत नव्हतं, तेव्हा आधीची पत्रं तुम्ही लिहून दिलीत हे समजलं. पण ६ मे आणि ३ जूनची तुम्हाला कोणी सांगितली?

रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
निवेदिता


सातारा, १८ मार्च

चि. निवेदितास अनेक आशीर्वाद.

कोणी सांगितली नाहीत. माझीच आहेत.

रंगराव सांगायचा तीन ओळी: बैल, विहीर, पोरगं. मी एकवीस वर्षांचा, डोक्यात लेखक व्हायचं खूळ. त्या तीन ओळींची मी दोन पानं करायचो. द्राक्षांचे मळे, बर्फ, विरह, सगळं घालायचो. वाचून दाखवलं की तो लाजायचा आणि म्हणायचा, असू दे, तिला बरं वाटेल.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी तिचं पत्र आलं, गावच्या मास्तरांच्या हातचं. पोरगं बसायला लागलं होतं. तार पोचेपर्यंत बाईला चार दिवस सुखाचे मिळावेत म्हणून उत्तर लिहिलं, असं मी साठ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं की मला लिहिणं सोडवत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या नावानं लिहिताना जे सुचलं, ते पुढे जन्मात सुचलं नाही. याचीच मला जास्त लाज वाटते. दुसऱ्या पत्राला तर एवढंही निमित्त नव्हतं.

सेहेचाळीस साली सांगायचं ठरवून तिच्या गावी गेलो. तिनं गूळपाणी दिलं आणि तीच पत्रं मला वाचून दाखवायला लावली. मी वाचली आणि परत आलो.

पुढे चाळीस वर्षं पोरांना शिकवलं की तहाच्या गोड शब्दांत पुढच्या लढाईचं बी असतं. ते शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो.

ती दोन पत्रं लावू नकोस. तिला सांगूही नकोस. आता या वयात तिचं कुंकू कशाला पुसायचं. म्हाताऱ्याचं एवढं ऐक.

दीनाकाका


लेस्टर, २ एप्रिल

ती. दीनाकाकांस शि. सा. न.

पत्रं लावली नाहीत. समर रोज फोन करून विचारतो, तेव्हा कागद उजेडात खराब होतील असं खोटं सांगते. तुमच्या पापात आता मीही वाटेकरी झाले.

परवा पुन्हा स्लाऊला गेले होते. बोलता बोलता आजी म्हणाल्या की त्या विशीत असताना भावानं पाट लावायचं ठरवलं होतं. स्थळ चांगलं होतं, मुलालाही सांभाळणार होते. आजींनी तुमचं जूनचं पत्र पुढे केलं आणि पाहुण्यांना परत पाठवलं.

तुमची दया येते आणि रागही येतो. मी नाही सांगणार, तुम्ही सांगा. स्वतःच्या नावानं लिहा आणि कृपा करून फार सुंदर लिहू नका. मी वाचून दाखवीन.

आहे तशीच तुमची,
निवेदिता


सातारा, १२ एप्रिल

यमुनाबाईंस दीनानाथचा नमस्कार.

नावाआधी सौ. लिहावं की गं. भा., हे ठरवणारा मी कोण, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तार खरी होती. रंगराव त्याच दिवशी गेला. मी वीस पावलांवर होतो. नंतरची दोन पत्रं मी माझ्या मनानं लिहिली. तुमच्या दारात येऊनही बोललो नाही. माफी मागायलाही तोंड नाही.

दीनानाथ


स्लाऊ, २४ एप्रिल

दीनानाथ मास्तरांना यमुनेचा रामराम.

निवेदिताला लिहाय बसवलंय. मी सांगंल तेवढंच लिही म्हणून बजावलंय.

तुमचं पत्र दोनदा वाचून घेतलं. समर लई चिडला. मी दोन दिस जेवले न्हाई. कुंकवाचं काय करायचं ते माझं मी बघीन.

आमचं माणूस घरात दोन शब्दांच्या वर बोलायचं न्हाई. पत्रं आली तवा वाटलं, लढाईनं माणूस बोलता झाला. साठ वर्सं मी त्या बोलत्या माणसाची वाट बघितली. तो तर तुम्ही निघाला. मंग माझा नवरा, तो न बोलणारा, माझ्या ध्यानातनं कवाच गेला की. त्याची अपराधी मी बी हाय.

आता एक करा. त्यांनी सोताच्या तोंडानं सांगितलेलं तेवढं लिहून धाडा. तुमचं त्यात काय घालू नगा.

यमुना


सातारा, ६ मे

यमुनाबाईंस नमस्कार.

चार दिवस आठवतो आहे. त्याचं कोणतं आणि माझं कोणतं, हे आता मलाच वेगळं काढता येत नाही. इतकं मी ते कालवून ठेवलं. खात्रीनं त्याचं असं एकच वाक्य उरलं आहे, कारण ते मी लिहिलंच नव्हतं. नदीवर जायच्या आदल्या दिवशी त्यानं सांगितलं होतं. पत्रात शोभणार नाही म्हणून मी गाळलं.

तो म्हणाला, तिला लिही, पाण्याला जाताना घागरीखाली चुंबळ जाड घे, मान दुखते तिची.

दीनानाथ