हनाचा सबू आणि आमचं तापट यंत्र

दमियात, शनिवार

आदरणीय मेहुणे हाज महरूस यांना,

उस्ता शौकीचा मनापासून सलाम. तुमच्या गुडघ्याला पोर्ट सईदची दमट हवा मानवते आहे ना? वहिनींचा खोकला थांबला का? गच्चीवरची कबुतरं कशी आहेत? (पांढरी मादी अंडी सोडून उठते असं म्हणाला होतात.) आम्ही इकडे अल्लाच्या कृपेनं सुखरूप. तुमची बहीण इन्शिराह तर इतकी ठणठणीत आहे, की परवापासून जिन्यात भेटेल त्याला अडवून एकच हकीकत सांगते, आणि प्रत्येक मजल्यावर माझा मूर्खपणा थोडा थोडा वाढत जातो. तळमजल्यावर तो कुठवर पोचलाय देव जाणे. म्हणून तिच्याकडून तुमच्या कानावर जाण्याआधी खरं काय घडलं ते मीच लिहितो. फोनवर ती मला बोलू देत नाही.

आमच्या रबाबला तिकडे लाइपझिगमध्ये दिवस गेल्याचं कळलं तेव्हा इन्शिराहनं पहिलं काम काय केलं असेल, तर माळ्यावरचा पितळी खलबत्ता काढून लिंबानं घासून लखलखीत केला. सबूला, म्हणजे जन्माच्या सातव्या दिवशी, बाळ चाळणीत निजवून त्याच्या कानाशी खलबत्ता ठोकायचा मान आजीचा. शेजारणींच्या सबूंना ती जन्मभर नुसत्या टाळ्या वाजवत आली, ती या एका दिवसाच्या भरवशावर. पण तिकडे जायचा व्हिसा काही आला नाही. खलबत्ता मांडीवर घेऊन बसून राहिली ती. मोबाइलवर बघ म्हटलं, तर म्हणाली, एवढ्याशा काचेत मला माझी मुलगी नीट दिसत नाही, नात काय दिसणार. ते ऐकून मी शब्द देऊन बसलो, की सबूच्या दिवशी तू आपल्या दिवाणखान्यात मोठ्या पडद्यावर नातीला बघत खलबत्ता ठोकशील.

तयार कॉम्प्युटर घ्या, असं तुम्ही बजावलं होतंत. बरोबरच होतं तुमचं. पण हाज, ज्यानं स्वतःच्या लग्नाचा पलंग स्वतः केला, त्यानं बाजारची तयार वस्तू उचलून आणायची? मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि माझ्या लक्षात आलं की हे आमचंच सुतारकाम आहे. खाचेत खुंटी बसवायची, स्क्रू पिळायचे, जोर लावायचा नाही. मन्सूऱ्याच्या वग्दीकडून सुटे भाग मागवले. (वग्दी म्हणजे तोच, ज्याच्या आईला मी आरशाचं कपाट करून दिलं होतं.) जेवणाच्या टेबलावर चादर पसरून मी कामाला लागलो आणि इन्शिराह शेजारी बसून प्रत्येक भाग पुसून हातात देऊ लागली. सगळं जुळलं, बटण दाबलं, दिवे लागले, आणि तिनं जीभ हलवून अशी आनंदाची आरोळी ठोकली की समोरच्या बिऱ्हाडात वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं.

लगेच रबाबला फोन लावला. पडद्यावर तिचा चेहरा आला, टपोरा, टरबुजाएवढा. इन्शिराहनं हात पुढे केला, आणि पडदा काळाठिक्कर. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चेहरा, पुन्हा अंधार. इन्शिराह म्हणाली, तुमच्यावरच गेलाय, मी बोलायला लागले की डोळे मिटतो.

यंत्राचा मेंदू तापून स्वतःला बंद करतो, हे मी शोधून काढलं. ताप कुठे दिसतो तेही सापडलं. पाणी उकळायला थोडाच कमी पडेल एवढा आकडा. मग सुरू झाले उपचार. मेंदू आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक मलम लावतात. ते वाटाण्याएवढं लावा असं सांगतात, पण मी सरस लावण्यात हात बसलेला माणूस, मला वाटलं की कंजूषपणा झाला. वरून पंखा काढला, पुष्कळ मलम थापलं, पंखा पुन्हा बसवला. ताप तेवढाच. मग पेटीला हवा कमी पडत असेल म्हणून तिची एक बाजू काढून टाकली आणि तिथे मश्रबियाची लाकडी जाळी कोरून बसवली. (जाळी फार देखणी झालीय, आलात की बघाच.) ताप तेवढाच. समोर टेबलफॅन लावला, त्यानं इन्शिराहची भरतकामाचे टाके टिपलेली चिठोरी उडाली आणि ताप तेवढाच. शेवटी शेजारच्या उम्म वाएलच्या सल्ल्यावरून पेटीच्या डोक्यावर फ्रीजरमधली मुलूखियाच्या पालेभाजीची पाकिटं ठेवली. यंत्र काही थंड झालं नाही, पण मुलूखिया वितळली, आणि ती वाया जाऊ नये म्हणून आम्ही दोन्ही वेळा तीच खाल्ली.

सबू उद्यावर आला. इन्शिराहनं खलबत्ता कापडात गुंडाळला आणि पुन्हा माळ्याकडे निघाली. तेव्हा मात्र मी सगळा ताठा गिळून वग्दीला फोन लावला. त्यानं सगळी हकीकत शांतपणे ऐकली, मुलूखियासुद्धा, आणि विचारलं, "उस्ता, पंख्याच्या बुडाला एक पातळ प्लास्टिक असतं, ते काढलंत ना?"

मला राग आला, हाज. माझी पारख काय केली त्यानं? मी म्हटलं, "काढीन कशाला? मी वस्तू जपणारा माणूस आहे. एक कोपरा सुटत होता, तो तुझ्या काकूनं चिकटपट्टी लावून नीट बसवला."

मग तो म्हणाला, "उस्ता, ते काढायचं असतं."

मी विचारलं, "किती दिवसांनी?"

आता तुम्हीच न्याय करा. आपल्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कुणी कधी काढलंय का? टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, गाडीच्या सीटा प्लास्टिकमध्ये, आणि दिवाणखान्यातला तो सोफासंच, जो मी स्वतः केला आणि ज्याच्या नक्षीवर माझे डोळे गेले, तो तर रबाब रांगत होती तेव्हापासून प्लास्टिकमध्ये. प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी व्हायला लागते, हे मी तुमच्या बहिणीकडूनच शिकलो. (जिन्यात सांगताना चिकटपट्टीचा भाग ती गाळते, याची नोंद घ्यावी.)

असो. प्लास्टिक सोललं, मलम वाटाण्याएवढं लावलं, यंत्र सुरू केलं. ताप उतरला तो उतरलाच, जसा लिंबूसरबत पिऊन माणूस सावलीत बसावा. मी माळ्याखाली जाऊन शिडी धरली आणि इन्शिराहला म्हटलं, उतरव तो खलबत्ता.

गुरुवारी सगळी इमारत आमच्याकडे. पडद्यावर हना चाळणीत, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. इन्शिराहनं असा खलबत्ता ठोकला की टेबल हललं. "हना, आईचं ऐक," ठण्. "बापाचं ऐकू नकोस," ठण्. "आजोबांचं तर मुळीच ऐकू नकोस," ठण् ठण्. तिकडे हना दचकली, डोळे उघडले, आणि आमच्याकडेच बघत राहिली. इन्शिराहचा हात तिथेच थांबला. पडदा मात्र काळा झाला नाही. मेवा वाटून झाला, शेजारणी गाऊन दमल्या, तरी रबाब आणि हना समोरच.

एकदाच रबाबनं विचारलं, बाबा, मघापासून काय करकरतंय, यंत्र बिघडतंय का? यंत्र नव्हतं ते. उम्म वाएल प्लास्टिकवरून घसरत होती. रबाब हसून म्हणाली की कॉम्प्युटरचं काढलंत, आता आईच्या सोफ्याचंही काढा. इन्शिराहनं ऐकलंच नाही असं केलं.

वहिनींना सलाम. गुडघ्याला गरम वाळूचा शेक द्या.

तुमचा,
शौकी

ता.क. खरं म्हणजे हे पत्र एका कामासाठी लिहितोय. इन्शिराहनं खुशीत येऊन कॉम्प्युटरला रजई शिवलीय. गुलाबी साटीन, आत कापूस, कडेला झालर, वर हनाचं नाव भरलेलं. जाळीसकट सगळं झाकतं. ती हलू देत नाही आणि ताप पुन्हा चढलाय. मला सांगवत नाही, इतकी खूश आहे ती. तुम्ही थोरले भाऊ, तुमचं ती ऐकते. यंत्र चालू असताना रजई काढायची, एवढं तुमच्या तोंडून जाऊ द्या.

ता.क. दुसरा. काही सांगू नका. पाकीट चिकटवायला दिवाणखान्यात गेलो, तर इन्शिराह कात्री घेऊन बसलेली. एका खुर्चीचं प्लास्टिक तिनं उसवून काढलंय. एकाच, पडद्यासमोरच्या. बाकीची राहणार म्हणाली, आणि रजई कॉम्प्युटरवरून उचलून त्या खुर्चीवर अंथरली, बसायला. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकखालून खुर्ची पिस्त्याच्या रंगाची निघाली, हाज. मीच मढवली होती, आणि मी विसरलो होतो.