पाच फूट एक इंच

अष्टमी, ता. रोहा
१२ ऑगस्ट १९८३

ती. विमलताईस,
कमळाकरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि पापडांचा डबाही. डबा नूरभाईंनी आणून दिला आणि वाटेत चार पापड कच्चेच खाल्ले हे आपणहून कबूल केलं. तेव्हा मोजून पाठवले असशील तर माझ्यावर आळ घेऊ नकोस.

मी बरा आहे. सध्या नूरभाईंचीच जीप माझ्या शेडमध्ये उभी आहे. तीच, त्यांच्या नासिरने आखातातून पैसे पाठवून घेतलेली. तिची मागची सीट मी काढून टाकली. माझ्याच हाताने बसवलेली होती, पण निघता निघेना. दोन दिवस घण घातले तेव्हा कुठे सुटली.

आता तिच्या जागी घडीची सीट करतोय. पाठ पुढे पाडायची, खिट्टी ओढायची, की बसायची गादी खाली खोक्यात उतरते आणि पाठ तिच्यावर सपाट पडते. मग मागची जोडफळी उलगडली की भुईसारखी जागा. सीट दोन भागांत आहे, म्हणजे अर्धीवर माणूस बसलेला असला तरी उरलेली अर्धी आडवी करता येते. आळीतल्या लोकांना वाटतं मी भाताची पोती भरायची सोय करतोय. वाटू दे.

बिजागरी मनासारखी बसत नाही. चार वेळा कापली. दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर पत्रं लांब होतील.

तुझा,
कमळाकर

पेण
२५ ऑगस्ट १९८३

चि. कमळाकर यास,
विमलताईचे अ. उ. आ.

अरे बाबा, हे पत्र आहे की सीटची जन्मकुंडली? खिट्टी, बिजागरी, जोडफळी! तुझ्या दाजींनी वाचून विचारलं, साळा आपला खुशाल आहे की नाही ते कुठल्या ओळीत लिहिलंय. मी म्हटलं, ‘बरा आहे’ एवढे दोन शब्द आहेत, त्यावर भागवा.

मला एक सांग. माझी भावजय मालू होती तेव्हा तुझ्या प्रत्येक सीटवर आधी ती बसायची. मांडीवर टोपली घेऊन बसायची, इकडे सरकायची, तिकडे सरकायची, आणि इथे रुततंय, तिथे काथ्या कमी पडलाय म्हणून तुला पुन्हा उसवायला लावायची. तू वैतागायचास आणि उसवायचास. आता कोण बसतं रे? घरात मूल नाही, बाळ नाही, शेडमध्ये दुसरं माणूस नाही. दिवसभरात कुणाशी बोलतोस तरी का?

दोन भाऊबीजा झाल्या. दोन्ही वेळा मी पाट मांडला, रांगोळी काढली आणि दुपार टळल्यावर चंद्राला ओवाळलं. शेजारची पुतळी म्हणाली, भाऊ नसला तर चंद्राला ओवाळतात. मी तिला सांगितलं, मला भाऊ आहे, चांगला धडधाकट आहे, चाळीस किलोमीटरवर आहे. तिने पुढे काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं. यंदा तरी ये.

आशीर्वाद आहेतच, पण ते घ्यायला समोर यावं लागतं.

तुझी,
ताई

अष्टमी
१० सप्टेंबर १९८३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बिजागरी बसली! आता एका हाताने सीट पडते, एका हाताने उभी राहते. सपाट झाली की लांबी पाच फूट एक इंच, रुंदी दोन फूट. वर रेक्झीन मऊ घातलंय.

तू विचारलंस कोण बसतं म्हणून. गुणाजीकडून भाताची तीन पोती आणली. ती फळीवर आडवी घातली आणि नूरभाईंना कोलाडपर्यंत जाऊन यायला सांगितलं, सगळ्या खड्ड्यांतून. पोती जशीच्या तशी परत आली. खिट्टी हलली नाही. एवढं वजन पेललं म्हणजे झालं.

भाऊबीजेचं नक्की सांगत नाही. काम संपायला हवं. तू रागावशील हे ठाऊक आहे. रागावून घे, पण माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझा,
कमळाकर

पेण
२२ सप्टेंबर १९८३

चि. कमळाकर यास,
आ. वि.

पोती! कमाल झाली तुझी. अरे, पोतं बोलतं का? त्याला पाठ आहे की कंबर? पोत्याने तुला ‘छान’ म्हटलं आणि तू खूश! मालूच्या जागी पोती बसवलीस, हे तिला कळलं असतं तर पंधरा दिवस तुला पिठलं खायला घातलं असतं.

आता थट्टा पुरे. काम संपायला हवं म्हणतोस. तुझं काम दोन वर्षं संपत नाही आणि पेणचा रस्ता तुला दिसत नाही. मी काही खुळी नाही. मीच सांगते तू का येत नाहीस ते. त्या दिवशी इथल्या दवाखान्याच्या दारात मालूला खाली उतरवली आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, एवढा उशीर का केलास. तू काही बोलला नाहीस. तेव्हापासून आला नाहीस.

ते शब्द माझ्या तोंडून गेले ते गेले. मी रोज ते परत गिळते. तू माझा धाकटा, तरी तुझी माफी मागते. रुसला असशील तर तसं लिही. पण ‘बिजागरी’ लिहू नकोस, हात जोडते.

तुझी,
ताई

अष्टमी
५ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. तू उशीर म्हणालीस ते मला आठवतसुद्धा नव्हतं. खरंच सांगतो. त्या दिवशी मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं तू हे उगाच उराशी धरलंस, आणि माझ्या गप्प बसण्याने धरलंस. माफी मी मागायची.

तू पोत्यांवरून बोललीस तेच नूरभाईही बोलले. मियाँ, पोतं कण्हत नाय, तू स्वतः पडून बघ, म्हणाले. म्हणून पडलो. डोकं टेकलं, पाठ टेकली, कंबर टेकली, आणि पाय घोट्यांपासून बाहेर लोंबले. नूरभाईंनी विचारलं, हे माप कुणाचं घेतलंस. मी टेप हातात घेऊन बसलो. ताई, मी माप घेतलंच नव्हतं. हाताला पाठ होतं. मालू पाच फूट एक इंच होती.

आता सांगतो, म्हणजे तुला कळेल. त्या दिवशी तिच्या पोटात इतकी कळ होती की तिला बसवत नव्हतं. जीपमध्ये घातली तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, मला आडवं करा. मागची सीट मी अँगलला वेल्डिंग करून घट्ट बसवलेली. ती देताना मी नूरभाईंना छाती फुगवून सांगितलं होतं, गाडी मोडेल पण सीट हलणार नाही. नाहीच हलली. पायाखालची जागा वीतभर. मी तिला बसतीच धरून ठेवली. नागोठण्याच्या पुलावर ती पुन्हा म्हणाली, आडवं करा ना हो. वडखळ यायच्या आधी माझ्या हातातच गेली. बसल्या बसल्या गेली, ताई. माझ्या सीटवर.

तो रस्ता माझ्याच्याने बघवत नाही. दोनदा एस.टी. स्टँडवर गेलो होतो भाऊबीजेला, नवे कपडे घालून. दोन्ही वेळा गाडी समोरून गेली आणि मी घरी आलो. घरी येऊन कुणाला सांगणार? शेडचं दार लावून बसलो.

सीट लांब करतोय. तुझा राग सोसेन, तुझी माफी सोसवत नाही.

तुझा,
कमळाकर

पेण
१४ ऑक्टोबर १९८३

चि. कमळाकर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी भाकऱ्या करायच्या ठेवून तशीच बसून राहिले. तुझे दाजी खानावळीतून डबा घेऊन आले.

ती आडवी झाली असती तर वाचली असती का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना मी तेव्हा विचारलं नाही आणि आता तुझ्या समाधानासाठी खोटं लिहिणार नाही. पण तू तिला दोन तास हातांत धरून ठेवलीस, हेही त्याच सीटवर झालं ना? तेवढंही कधी आठवत जा.

आता कामाचं. काल दाजींना ओटीवर उताणं झोपवलं आणि शिवणाच्या टेपने मापलं. पाच फूट नऊ. पुतळी दारातून बघत होती, तिला वाटलं त्यांचं काही बरंवाईट झालं. धावत आली बिचारी. तर सीट पाच फूट नऊ कर, म्हणजे कुणीही मावेल.

आणि रस्ता बघवत नाही ना? मग बघू नकोस. त्या फळीवर आडवा पड आणि टपाकडे बघत ये. नूरभाई आणतील. मी पाट मांडते. या वेळी चंद्राला ओवाळणार नाही, आधीच सांगून ठेवते.

तुझीच,
ताई

अष्टमी
९ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस,
कमळाकरचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दिलेला चिवडा नूरभाईंनी नागोठण्यापर्यंत संपवला, माझ्या वाट्याला खोबरं आलं.

जीपचं मागचं दार उघडताच मी निपचित पडलेला दिसलो तेव्हा तू जी किंकाळी फोडलीस, ती अजून कानात आहे. आडवा ये म्हणून तूच लिहिलं होतंस ना? डोळे मिटलेले होते ते रस्त्यासाठी. नंतर तू ज्या हाताने पाठीत धपाटा घातलास त्याच हाताने ओवाळलंस. बरं वाटलं. दोन वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता.

परवा आळीतल्या बायजाच्या सासऱ्यांचा खुबा मोडला. त्यांना आडवं घालूनच नेलं. म्हातारा वाटभर नूरभाईंच्या गाडी चालवण्याला नावं ठेवत होता म्हणे. रात्री शेडमध्ये एकटा बसलो असताना ते आठवून हसलो. मोठ्याने हसलो, आणि ऐकायला कुणी नाही हे लगेच लक्षात आलं. ते काही सीटने सुटत नाही, ताई. घर तसंच आहे.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. परत येताना नूरभाई म्हणाले पुढे बस, पण मी मागेच बसलो, अर्ध्या सीटवर, डोळे उघडे ठेवून. वडखळ सुटलं आणि मी शेजारची खिट्टी ओढली. अर्धी सीट आडवी केली, जोडफळी उलगडली, रेक्झीनवरची धूळ हाताने पुसली. नूरभाईंनी आरशातून पाहिलं आणि गाडी हळू घेतली. नागोठण्याचा पूल पूर्ण ओलांडेपर्यंत ती तशीच आडवी ठेवली. मी फळीवर हात ठेवून होतो. मग उभी केली.

दाजींना नमस्कार. पुढच्या वर्षी पाट मांडून ठेव, मी बसून येईन.

तुझा,
कमळाकर