रजा कुणी काढली?

प्रिय ताई,

गुडघ्याचा पट्टा बांधतेस ना? नसशील बांधत. विचारणं माझं कर्तव्य, ते झालं.

आमच्या छापखान्यात सध्या रण पेटलंय. छापखाना आम्हा कामगारांच्याच मालकीचा, त्यामुळे भांडायला मालकही नाही. एकमेकांवरच भागवावं लागतं. ठराव असा: कुणाच्या घरी मूल आलं, तर आईला किंवा बापाला सहा महिने भरपगारी रजा, आणि त्यासाठी सगळ्यांच्याच पगारातून थोडी कपात. आमच्या बाइंडरला नुकतीच मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी स्वारी कामावर हजर. परवा पेंगत पेंगत त्याने सोळा पानं उलटी शिवली आणि वर मलाच म्हणतो, मुद्रितशोधक तुम्ही, जरा डोक्यावर उभं राहून तपासा की!

ठरावाच्या विरोधकांनी भाषणासाठी मला गाठलं. अविवाहित, निपुत्रिक, शिवाय संस्कृत शिकलेला. असा त्रिगुणी माणूस त्यांना कुठे मिळणार? मीही हुरळलो. रीतसर पूर्वपक्ष मांडला, त्याचं खंडन केलं. मूल ही ज्याची त्याची हौस, तिचा भुर्दंड शेजाऱ्याला का? शेवटी खास टाळ्यांसाठी वाक्य ठेवलं: 'आमच्या वेळी कुणाला रजा होती? तरी आम्ही वाढलोच.'

मग सवयीने लाल पेन घेऊन स्वतःचाच मजकूर तपासायला बसलो. त्या वाक्यापाशी हात थांबला, आणि रोज इतरांच्या समासात लिहितो तेच लिहून बसलो: 'खात्री करावी.'

केली. घरात ऐकलेलंच पुन्हा जुळवून पाहिलं. मी एकवीस दिवसांचा असताना आई कारखान्यात परतली. तू सहावीत होतीस, तिथेच तुझी शाळा सुटली. शाळेतल्या बाई दोनदा घरी आल्या. तू म्हणालीस, मला शाळा आवडतच नाही. पन्नास वर्षं आम्ही सगळ्यांनी ते सोयीस्करपणे खरं मानलं. पण पुढे माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायला तू आठवडा लावायचीस, कारण आधी ती वाचून काढायचीस. आणि मी तुलाच आळशी म्हणायचो.

म्हणजे रजा निघाली होती, ताई. बारा वर्षांची असताना तू ती काढलीस. बिनपगारी, आणि पुन्हा रुजू न होण्याची. सगळ्यांनी मिळून थोडं थोडं उचलायचं ते एकटीने उचललंस.

भाषण फाडलं. गुरुवारी सभा आहे, मी ठरावाच्या बाजूने हात वर करणार. पण मतं निम्मी-निम्मी आहेत आणि माझ्या युक्तिवादाने तिथली खुर्चीही हलायची नाही. तुझी गोष्ट सांगितली तर कदाचित हलेल. आईला लागेल म्हणून तू ती कधी सांगितली नाहीस. आई गेल्यावरही नाही. ती परस्पर सांगण्याचा अधिकार मला नाही, म्हणून हे पत्र. सांगू का? नको म्हणालीस तर गप्प बसेन. हो म्हणालीस तर एवढंच कर: त्या दिवशी ये, आणि पुढच्या रांगेत बस.

तुझाच,
धाकटा